पाच पॅनलं, तीन अक्षरं आणि एक भिंत

कंपनीचं नाव लिहिणार नाही. माल चांगला निघालाय, पण सर्व्हिसवाल्यांवर माझा राग आहे, आणि नाव घेतलं की लोक फक्त राग वाचतात. शिवाय मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीचं २२ केव्हीचं (बावीस हजार व्होल्टचं) पॅनल, म्हणजे ब्रेकर आणि केबलजोड असलेलं पत्र्याचं कपाट, घेताना उपयोगी पडेल.

मी चाकणला एका फोर्जिंगच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघते. महावितरणचा २२ केव्हीचा पुरवठा, एक इनकमर (वीज आत घेणारं), तीन ट्रान्सफॉर्मर फीडर (ती ट्रान्सफॉर्मरना पुरवणारी) आणि एक राखीव, अशी पाच पॅनलांची रांग. जुनी रांग काढून ही बसवली त्याला दोन पावसाळे झाले. मिक्सर घेताना आपण चाळीस जणांची मतं वाचतो आणि पंचवीस-तीस वर्षं चालणारं, प्रसंगी माणूस मारू शकणारं पॅनल मात्र कोटेशनच्या शेवटच्या आकड्यावरून घेतो. म्हणून हे लिहायला बसले.

तीन कोटेशनं आली होती. तिन्हीत एक ओळ सारखी : ‘इंटर्नल आर्क क्लासिफिकेशन – होय’. हे क्लासिफिकेशन, थोडक्यात आयएसी, म्हणजे पॅनलच्या आत विजेचा भडका (आर्क) उडाला तर बाहेरचा माणूस कितपत वाचेल त्याचा वर्ग. पण होय म्हणजे काय? मुलीला स्थळ आलं आणि मुलगा काय करतो विचारल्यावर ‘करतो’ असं उत्तर मिळावं, तशातली गत. तिघांनाही फोन करून तेच विचारलं : कुठल्या बाजूंनी, किती किलोअँपिअरला, किती वेळ, आणि चाचणीचा अहवाल कुठाय?

पहिल्याचं उत्तर, ए-एफएल, २५ केए (किलोअँपिअर), ०.१ सेकंद. दुसऱ्याचं, ए-एफएलआर, २५ केए, १ सेकंद. तिसऱ्याने आठवडाभराने जो कागद पाठवला तो एलएससी-२बीचा निघाला. एलएससी म्हणजे एक कप्पा उघडल्यावर बाकीचं किती चालू ठेवता येतं त्याचा वर्ग. आत भडका उडाला तर बाहेरचा माणूस वाचेल की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नाही. फोनवर समजावून सांगितलं तर म्हणतो, “मॅडम, दोन्ही एकाच स्टँडर्डमध्ये आहेत ना!” आहेत. ‘आयईसी ६२२७१-२००’ मध्येच आहेत. आधार कार्ड आणि लायसन्स एकाच पाकिटात असतं, म्हणून आधार कार्डावर गाडी चालवता येत नाही. त्याला तिथेच सोडलं.

याच मानकात आणखी एक गोष्ट आहे, ती विक्रेते आपणहून सांगत नाहीत. आर्कचं हे वर्गीकरण ऐच्छिक आहे. पॅनल मानकाप्रमाणे बनलेलं असूनही त्याची आर्क चाचणी झालेली नसेल, तरी मानकाचा भंग होत नाही. मागावं लागतं, तेही नीट अक्षरं घालून.

अक्षरांपैकी पहिलं ‘ए’ किंवा ‘बी’. ‘ए’ म्हणजे जवळ फक्त प्रशिक्षित, परवानगी असलेली माणसं येणार. ‘बी’ म्हणजे कोणीही येऊ शकतं. हा फरक ठरवतात कापडावरून, आणि मला या चाचणीतला सगळ्यात आवडलेला भाग हाच. पॅनलभोवती चौकटींवर काळ्या सुती कापडाचे तुकडे लावतात. ‘ए’साठी चौरस मीटरला साधारण १५० ग्रॅम वजनाचं कापड, पॅनलपासून ३०० मिलिमीटरवर, म्हणजे अंगात कामाचे जाड कपडे घातलेला माणूस. ‘बी’साठी ४० ग्रॅमचं, झिरझिरीत, १०० मिलिमीटरवर; म्हणजे उन्हाळ्यात पातळ सदरा किंवा ओढणी घेऊन खेटून जाणारं कोणीही. मग आत अर्ध्या मिलिमीटरची तार फेजांवर बांधून आर्क पेटवतात आणि बघतात. कापड पेटता कामा नये. दारं उघडता कामा नयेत. साठ ग्रॅमपेक्षा जड, म्हणजे साधारण एका अंड्याएवढा, तुकडा उडता कामा नये. दोन मीटर उंचीपर्यंत पत्र्याला भोक पडता कामा नये. आणि अर्थिंग शाबूत राहिलं पाहिजे. पाचही जमलं तर पास.

आम्हाला ‘ए’ पुरलं, कारण स्विच रूमला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याकडे किंवा शिफ्ट इनचार्जकडे. पण पुण्यात फुटपाथवरच्या आरएमयूला (वीज कंपनीच्या स्विचच्या पेटीला) टेकून वडापावची गाडी लागलेली बघते तेव्हा पाटीवर ‘बी’ आहे का, ते नकळत शोधते. नवऱ्याला या सवयीचा वैताग आहे.

पुढची अक्षरं बाजूंची. एफ समोरची, एल कडेची, आर मागची. इथेच पहिलं कोटेशन गळालं, आणि गंमत म्हणजे ते मला त्यांच्याच ड्रॉइंगवरून कळलं. वर्ग लिहिलेला ए-एफएल, म्हणजे मागून संरक्षणाची हमी नाही, मागे कोणी जायचं नाही. आणि केबल चेंबरचं कव्हर? मागे! केबलचं टर्मिनेशन (टोकाची जोडणी) बघायला, मेगर करायला (इन्सुलेशन तपासायला), पावसाळ्यानंतर ट्रेंचमधली (केबलच्या चरातली) ओल तपासायला माझी माणसं मागेच जाणार. त्यांच्या इंजिनिअरला विचारलं तर म्हणाला, “तेव्हा तुम्ही शटडाउन घ्यालच ना मॅडम.” त्या एका फीडरचा घेईन हो. शेजारची चार पॅनलं जिवंत असतात त्याचं काय?

मागच्या जागेचं एक वेगळंच त्रांगडं होतं. नियम जुना आहे, १९५६ च्या विद्युत नियमांपासून चालत आलेला : पॅनलच्या मागे जोडण्या असतील तर मागची जागा २० सेंटिमीटरपेक्षा कमी तरी हवी, नाहीतर ७५ पेक्षा जास्त तरी. म्हणजे माणूस घुसूच शकणार नाही, किंवा घुसला तर पळू शकेल. मधलं काही नको. आमच्या स्विच रूममध्ये नव्या पॅनलांची पुढून मागपर्यंतची लांबी धरून मागे उरत होते ६२ सेंटिमीटर. पुढे सरकवावं तर समोरचं अंतर कमी होऊन ब्रेकरची ट्रॉली पूर्ण बाहेर निघत नव्हती. शेवटी मागची भिंत पाडून बाहेर घेतली. मालकांना सांगायला गेले तेव्हा ते म्हणाले, “पॅनल बदलायचं होतं की बिल्डिंग?” मी म्हटलं, “साहेब, भिंत एकदाच पाडायची आहे.” सही झाली, पण पुढचे दोन महिने प्रत्येक मीटिंगला भिंतीचा विषय निघाला.

कोणाला जागा वाढवणं शक्यच नसेल तर समोरूनच केबल जोडता येणारं पॅनल घेऊन भिंतीला लावता येतं, मग मागचं ‘आर’ लागत नाही. मात्र चाचणीत भिंत पॅनलपासून किती अंतरावर धरली होती ते अहवालात बघून घ्या, आणि तेवढंच ठेवा.

आता किलोअँपिअर. हा आकडा पॅनलवर अवलंबून नसतो, तुमच्या जागेवरच्या फॉल्ट लेव्हलवर, म्हणजे शॉर्टसर्किट झालं तर किती करंट येऊ शकतो त्यावर असतो. आमच्या उपकेंद्रात ५० एमव्हीएचे ट्रान्सफॉर्मर आहेत, इम्पिडन्स (करंटला आतून होणारा अडथळा) साडेबारा टक्के. २२ केव्हीला पूर्ण भाराचा करंट सुमारे १३१२ अँपिअर येतो; त्याला ०.१२५ ने भागलं की साडेदहा हजार. म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवर साधारण साडेदहा केए, आणि केबलच्या लांबीमुळे आमच्यापर्यंत येईतो त्याहून कमी. मग १६ केए चाललं असतं की! पण दोन ट्रान्सफॉर्मर कधी समांतर आले तर २१. म्हणून २५. हे गणित कागदाच्या मागच्या बाजूला मावतं, तरी बहुतेक जण करत नाहीत. एका मित्राच्या कारखान्यात ‘जास्त असलेलं बरं’ म्हणून ४० केएचं पॅनल घेतलंय. ते पैसे त्याने आमच्या भिंतीला दिले असते तर बरं झालं असतं.

खरा वाद झाला वेळेवर. पहिल्या कंपनीचा सेल्सवाला पुन्हा आला, या वेळी त्यांच्या साहेबांना घेऊन. म्हणणं असं : आम्ही प्रकाश ओळखणारे सेन्सर आणि आर्क रिले (आर्क दिसताच ब्रेकरला उघडायला सांगणारं उपकरण) देतो, काही मिलिसेकंदांत रिले चालतो, ब्रेकर साठ मिलिसेकंदांत उघडतो, ०.१ सेकंदाच्या आत सगळं आटपतं. मग एक सेकंदाच्या चाचणीचे पैसे कशाला?

ऐकायला पटण्यासारखं आहे. मलाही रात्रभर पटलं होतं. सकाळी पीएमटीच्या बसमध्ये (पीएमपीएमएल म्हणायची सवय अजून लागली नाही) कागदावर सिंगल लाइन (वीज कुठून कुठे जाते त्याची एकरेघी आकृती) काढत बसले होते, तेव्हा लक्षात आलं. आर्क इनकमरच्याच केबल चेंबरमध्ये उडाला तर? ती जागा आमच्या इनकमर ब्रेकरच्या अलीकडे, पुरवठ्याच्या बाजूला. आमचा ब्रेकर उघडला काय नि बंद राहिला काय, उपकेंद्रातून येणारा करंट त्या आर्कला मिळतच राहणार. तो तोडणार फक्त उपकेंद्रातला ब्रेकर, आणि त्याच्या रिलेचं सेटिंग माझ्या हातात नाही. तिथे खालच्या ब्रेकरला आधी उघडायची संधी मिळावी म्हणून मुद्दाम उशीर ठेवलेला असतो. अर्धा सेकंद, कधी त्याहून जास्त. आणि आर्क कुठे उडण्याची शक्यता जास्त? केबलच्या टर्मिनेशनमध्ये, तेही ट्रेंचला लागून असलेल्या चेंबरमध्ये. म्हणजे सगळ्यात दुबळी जागा तीच, जिथे आमचा रिले काहीही करू शकत नाही.

हे मीटिंगमध्ये मांडलं. त्यांचे साहेब थोडा वेळ ड्रॉइंगकडे बघत राहिले आणि म्हणाले, “पॉइंट आहे.” माणूस प्रामाणिक वाटला. ऑर्डर मात्र दुसऱ्याला दिली.

आर्क रिले आम्ही तरीही घेतला, बसबार (सगळी पॅनलं जोडणाऱ्या पट्ट्या) आणि आउटगोइंगसाठी (बाहेर जाणाऱ्या फीडरसाठी). तो पॅनल वाचवतो, नुकसान कमी करतो, उत्पादन लवकर सुरू होतं. पण आतला दाब पहिल्या दहा-पंधरा मिलिसेकंदांतच शिखर गाठतो, ब्रेकरने हालचाल सुरू करायच्या आधी. तो धक्का पेटीच्या पत्र्यानेच सोसायचा असतो. त्यानंतरचा वेळ म्हणजे तांबं, पत्रा वितळून भोक पडायचा वेळ. ०.१ सेकंदाची चाचणी पहिली परीक्षा घेते. एक सेकंदाची दोन्ही.

माझी पहिली नोकरी भोसरीत होती. तिथल्या जुन्या पॅनलमध्ये एकदा ट्रेंचमधून घूस शिरली होती. दुपारचे सव्वाचार, सगळे चहाला गेलेले. परत आलो तर पॅनलचं दार समोरच्या भिंतीपाशी पडलेलं, टेबलावरचं लॉगबुक जळून गेलेलं, आणि खुर्ची तशीच. त्या खुर्चीत बसून दर तासाला रीडिंग लिहायचं काम माझं होतं. याहून जास्त त्याबद्दल लिहीत नाही.

आता माल कसा निघाला ते. पत्रा जाड, जोड नीटस. ब्रेकर आतबाहेर करायचं रॅकिंग दार बंद ठेवून होतं, आणि ट्रॉलीची जागा काचेतून दिसते. हे फार महत्त्वाचं, कारण आयएसीची सगळी हमी दारं बंद आणि कव्हरं जागेवर असतानाचीच आहे. दार उघडं ठेवून रॅकिंग केलंत तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तुम्ही आणि आर्क समोरासमोर. आमचे वायरमन काका तीस वर्षं दार उघडून रॅकिंग करत आले. त्यांना नव्या पॅनलचं हँडल “कुकरच्या शिट्टीसारखं, न बघताच अंदाजाने” वाटायचं. आता सवय झाली. परवा मलाच म्हणाले, “ताई, दार लावा आधी.”

मागच्या केबल कव्हरला प्रत्येकी चौदा बोल्ट. केबल टेस्टिंगला आलेल्या ठेकेदाराच्या पोरांनी एका कव्हरला नऊच लावले आणि पाच खिशात घालून निघाले होते. गेटवर थांबवून परत आणले. चाचणी चौदा बोल्टांवर झालीय, नवावर नाही. त्या दिवसापासून माझं नाव बोल्टवाली मॅडम पडलंय, असं कानावर आलं. असू दे.

सगळ्यात घोळ झाला तो वरच्या फ्लॅपचा. प्रत्येक कप्प्याच्या डोक्यावर दाब सोडायची झडप असते. तिच्या एका कडेला लोखंडी बोल्ट, बाकी कडांना नायलॉनचे. दाब आला की नायलॉन तुटतो, झडप बिजागरीसारखी उघडते, गरम वायू वर जातो. बसवणीच्या वेळी कोणाचा तरी पाय पडून दोन नायलॉन बोल्ट तुटले. आमच्या फिटरने, अगदी चांगल्या भावनेने, तिथे एमएसचे (लोखंडी) बोल्ट घट्ट आवळून टाकले. ‘प्लास्टिकचे कसले लावतात, कंजूस कंपनी!’ मला हे पंधरा दिवसांनी शिडी लावून वर बघितल्यावर कळलं. तोवर त्या पॅनलची झडप आणि साधं झाकण यात फारसा फरक उरला नव्हता. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये याबद्दल एक ओळ आहे, पान ७१ वर, इंग्रजीत. पॅनलवर एक साधा मराठी-हिंदी स्टिकर लावला असता तर हे झालंच नसतं. याचा अर्धा गुण कापला. आणि हो, दसऱ्याला पॅनलांची पूजा होते तेव्हा झेंडूचा हार हँडलला घालायचा, शिडी लावून झडपांवर तोरण बांधायचं नाही, हेही मला सांगावं लागलं.

झडपेतून वर गेलेला वायू जाणार कुठे, याचा विचार कोटेशन देणारे करत नाहीत. चाचणीत पॅनलच्या वर छत किती उंचीवर होतं ते अहवालात असतं. तुमचं त्याहून खाली असेल तर तो अहवाल तुमच्या खोलीला लागू नाही, कारण छतावर आपटून गरम वायू माणसांच्या अंगावर येतो. आमच्या खोलीत नेमकी पॅनलांवरूनच एक बीम जाते. म्हणून डक्ट घेतला, म्हणजे वायू नेणारा पत्र्याचा बोगदा, रांगेच्या डोक्यावरून भिंतीबाहेर जाणारा. इथे पुन्हा कागद : डक्टशिवाय केलेल्या चाचणीचा अहवाल डक्टसकट पॅनलला चालत नाही. पहिल्यांदा तोच पाठवला होता. दुसरा मागितल्यावर तीन आठवड्यांनी आला, पण आला, आणि नीट होता. फोटोसकट, काळं कापड शाबूत दिसत होतं.

डक्टचं तोंड बाहेर निघालं ते बरोबर दुचाकींच्या सावलीतल्या स्टँडवर. तिथे जाळीचं कुंपण घालून कोणालाही जाता येणार नाही असं करायचं होतं. अख्ख्या कारखान्यात माझ्याविरुद्ध एवढा असंतोष भिंतीच्या वेळीही नव्हता. पुण्यातल्या माणसाची गाडी उन्हात लावायला सांगणं म्हणजे काय ते पुण्यात राहणाऱ्यालाच कळेल. शेवटी एचआरने पलीकडे पत्र्याची शेड बांधून दिली.

एक गोष्ट मालकांना लेखी दिली आहे, तुम्हीही द्या. एवढं सगळं केल्यावरही आत आर्क झाला तर ते पॅनल भंगारात जाणार. आयएसी पॅनल वाचवायचं आश्वासन देत नाही, बाहेर उभ्या माणसाचं देतं. धूर, विषारी वायू, आवाज, यांच्यापासून तर तेही नाही. म्हणून खोलीची दोन्ही दारं बाहेर उघडणारी करून घेतली आणि दोन्हींपुढच्या जुन्या मोटारी, खोकी हलवली.

गुण द्यायचेच तर पॅनलाला पाचपैकी साडेचार, कागदपत्रांना मागितल्यावर चार, न मागता दोन. सर्व्हिसला दीड. कमिशनिंगच्या (पॅनल चालू करून द्यायच्या) दिवशी ठरलेल्या वेळेला इंजिनिअर आला नाही; महावितरणचा शटडाउन मिळवायला मी महिना घातला होता, तो दिवस वाया गेला. दुसऱ्या तारखेला आलेला मुलगा हुशार होता, पण त्याच्याकडे टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचा पाना) नव्हता. आमचा दिला.

नायलॉनच्या बोल्टांचं एक पाकीट आता माझ्या ड्रॉवरमध्ये असतं. डक्टच्या तोंडाला पक्षी शिरू नयेत म्हणून दाबाने उघडणारं हलकं झाकण यायचं होतं, ऑर्डरमध्ये लिहिलेलं आहे. अजून आलेलं नाही. गेल्या पंधरवड्यात तिथे पारव्यांनी काड्या आणायला सुरुवात केलीय. दर सोमवारी काका बांबूने काढतात, आणि दर सोमवारी मी कंपनीला मेल करते, काड्यांचा फोटो जोडून.